छत्री मिटली आहे

११ सप्टेंबर

प्रिय भाऊजी,

छत्री मिटली आहे.

फोन तुम्ही उचलत नाही म्हणून लिहिते आहे. उचललात तर मी "कसे आहात" म्हणेन, तुम्ही "बरा आहे" म्हणाल आणि मग दोघांनाही पुढचं बोलता यायचं नाही. त्यापेक्षा कागद बरा. कागदावर मी सरळ छत्रीचंच बोलते.

तुम्ही घर सोडलंत तेव्हा टाकीत तिचं नुसतं खोड उरलं होतं, अंगठ्याएवढं. वरचं डोकं तुम्ही पाण्याच्या पिशवीत घालून घेऊन गेलात. मी तुमच्या दादांना म्हटलं होतं, "आता हा बुंधा कशाला ठेवायचा? टाकीत मुळा रोवल्यासारखा दिसतोय." ते म्हणाले, "प्रवाळ आहे ते. डोकं येतं परत." आणि खरंच आलं. आधी बटणाएवढं, मग बशीएवढं, आता तर जेवणाच्या ताटलीएवढं झालं होतं. दिवा लागला की त्या सगळ्या डोक्यावर बारीक बोटं बाहेर यायची आणि पाण्याबरोबर डोलायची. मामंजी टाकीकडे कधी बघायचे नाहीत, पण दिवा लागायच्या वेळेला त्यांना हमखास त्याच खोलीत काहीतरी शोधायचं असायचं.

आता बोटं आत गेली आहेत. तशी ती अधूनमधून मिटायचीच. अंगावर मेणचट साय धरायची, रुसल्यासारखी बसायची, मग साय सुटून जायची आणि बाई पुन्हा ताज्या. दादा म्हणायचे, "बाईसाहेब कपडे बदलतायत, तिकडे टक लावून बघू नका." पण या वेळचं कपडे बदलणं फारच लांबलं. साय सुटत नाही. कडा आत वळल्यात, खोड एका बाजूला कललंय, आणि मागच्या कडेला एक डाग पडलाय, फार पिकलेल्या केळ्यावर पडतो तसा. मी वाचनालयातून समुद्रावरचं जाडजूड पुस्तक आणलं. प्रवाळ कसं तयार होतं, किती वर्षं जगतं, सगळं त्यात आहे. घरातलं आजारी पडलं तर काय करायचं, ते नाही. लिहिणाऱ्याच्या घरी टाकी नसावी.

तुमच्या मत्स्यालयात असली शेकडो असतील, म्हणून विचारते. दादा गेल्यापासून टाकीचं सगळं मीच बघते. ती माझ्या हातून जाऊ नये, एवढंच.

तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, मामंजी बरे आहेत. सकाळी खाली शिवणाच्या दुकानात उतरतात, संध्याकाळी वर येतात. गिऱ्हाईक आलं नाही तर स्वतःच्याच सदऱ्याची बटणं उसवून पुन्हा लावतात. या पत्राचं त्यांना माहीत नाही.

आणखी एक. दादांना नेलं त्या दिवशी तुम्ही रस्त्याच्या पलीकडे, औषधांच्या दुकानाच्या पायरीवर उभे होतात. मी बघितलं. कोणाला सांगितलं नाही.

तुमची
वहिनी

२२ सप्टेंबर

भाऊजी,

उत्तर पोचलं. "खारटपणा मोजा. तापमान मोजा. दिवा आणि पंप तपासा. जागेवरून हलवू नका. घरात अलीकडे काय बदललं ते कळवा." ना वर माझं नाव, ना खाली तुमचं. औषधाच्या बाटलीवर चिठ्ठी असते तसं. तरी आलं हे महत्त्वाचं. मी ते पिठाच्या डब्याखाली ठेवलंय. तुम्ही आठवीत होतात तेव्हा त्याच डब्यामागे माझं चांगलं पातेलं लपवून त्यात मासे पाळले होतेत, आठवतं? मी नवी नवरी, झाकण उघडलं आणि किंचाळले. तुम्ही म्हणालात, "वहिनी, ओरडू नका, ते घाबरतात." मी तेव्हाही तुम्हाला भाऊजीच म्हणायचे आणि तुमची एवढीशी छाती फुगायची.

असो. खारटपणा बघायची ती छोटी नळी दादांच्या खणात सापडली. थेंब टाकला, उजेडाकडे धरली, पस्तीसच्या रेषेवर आहे. पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, तेव्हा कमी झालेल्या जागी गोडं पाणीच घालायचं, हे मला कोणी शिकवायला नको. पातेल्यातलं आटलं तर आपण काय वरून मीठ घालतो? तापमान सव्वीस. दिवा दादांनी आजारी पडायच्या जरा आधी नवा बसवला होता, तो ठीक आहे. पंप उघडून दात घासायच्या जुन्या ब्रशनं साफ केला. आत एक गोगलगाय अडकली होती. तिला सोडवलं, तर एका शब्दानं आभार न मानता निघून गेली. तुमच्याच घराण्यातली असावी.

घरात काय बदललं, असं विचारलंत. तुम्ही ते पाण्याबद्दल विचारलंय हे कळतं मला. तर खिडकीचा पडदा बदलला, जुना विरला होता. रेडिओ मी लावत नाही. दादांची खुर्ची टाकीशेजारी होती तिथेच आहे. मासे आधी संध्याकाळी जेवायचे, ते आता सकाळी जेवतात. संध्याकाळी त्या खुर्चीशेजारी उभं राहायला मला नको वाटतं. बाकी काही नाही.

डाग आहे तेवढाच आहे. किंवा मला तसं वाटतं.

वहिनी

५ ऑक्टोबर

भाऊजी,

तुम्ही कळवलंत तसं नायट्रेट, म्हणजे पाण्यात साचलेली घाण, मोजलं. नळीत टाकीतलं पाणी घेतलं, दादांच्या खणातल्या दोन्ही बाटल्यांतले थेंब टाकले, हलवलं आणि कागदावरच्या रंगांशी लावून बघितलं. फिकट गुलाबी यायला हवं होतं. बिटासारखं लाल आलं. माझाच हात चुकला असेल म्हणून पुन्हा केलं. पुन्हा बीट. वाळूवर तपकिरी थर आहे का, असंही तुम्ही विचारलंत. आहे. मागच्या कोपऱ्यात, छत्रीच्या पायाशी. बोट लावलं की चिंधीसारखा उठतो.

खाणं किती घालता, या तुमच्या प्रश्नाचा मला जरा रागच आला होता. मी चिमूटभर घालते, सकाळी, एकदाच. दोन केशरी मासे आणि ती गोगलगाय, त्यांना किती लागणार? मग माशांकडे नीट बघितलं. भाऊजी, ते फुगलेत. त्यातली मोठी बाई तर दगडाच्या फटीतून जाताना पोट आत ओढून घेते.

मी मामंजींना विचारलं, "माशांना तुम्ही काही घालता का?"

"मी? मला दिसतं तरी का ते?"

"चष्म्याशिवाय सुई ओवता की."

"सुई वेगळी. मासा हलतो."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी जेवणं झाल्यावर मी शेजारणीचा डबा परत द्यायला म्हणून निघाले आणि अर्ध्या जिन्यावरूनच परत फिरले. मामंजी दादांच्या खुर्चीत बसले होते. आधी डब्यातलं खाणं टाकलं, चांगलं तीन बोटांत मावेल तेवढं. "जेवा, जेवा. सकाळी ती घालते त्यानं काय होतंय?" मग खिशातून कागदाची पुडी काढली. पुडीत उकडलेल्या अंड्यातला पिवळा बलक होता, कुस्करलेला. सकाळच्या खाण्यातला. रोज मी ताट उचलताना म्हणायचे, आज सगळं संपवलंत, शाबास!

त्यांनी बाही खांद्यापर्यंत वर केली, हात पाण्यात घातला आणि तो बलक छत्रीच्या मिटलेल्या चुण्यांमध्ये, अगदी मागच्या कडेपर्यंत, खडूनं खूण करावी तसा हलक्या हातानं ठेवला. आणि तिला म्हणाले, "थोडं तरी. एक घास."

मी दाराशीच थांबले. तुम्हाला माहीत असायचं कारण नाही. शेवटी शेवटी दादांना खाणं जात नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आग्रह करू नका. मामंजी ऐकायचे नाहीत. वाटी-चमचा घेऊन त्याच खुर्चीसमोर बसायचे. "थोडं तरी. एक घास." शब्द हेच, आवाजही हाच. दादा त्यांच्यासाठी म्हणून तोंड उघडायचे आणि मग मी ते पुसायचे.

त्यांनी मला बघितलं. दचकले नाहीत. म्हणाले, "आजारी माणसाला काहीतरी सकस लागतं. तू तर तिला नुसत्या पाण्यावर ठेवलंयस."

पुस्तकात वाचलं होतं ते मी सांगितलं. तिच्या अंगात डोळ्यांना न दिसणारं शेवाळ राहतं, ते दिव्याच्या उजेडातून तिच्यासाठी अन्न तयार करतं, तिला भरवावं लागत नाही.

"नुसत्या उजेडावर कोणी जगतं का?" म्हणाले आणि बाही खाली केली.

तर बीट आलं ते इथून. सकाळी मी, संध्याकाळी ते, आणि एकमेकांना त्रास नको म्हणून दोघांनीही एकमेकांना सांगितलं नाही. डागही तिथेच आहे जिथे तो बलक साचतो. आता पाण्याचं काय करायचं ते तुम्ही लिहालच आणि मी ते करीन. पण मामंजींचं काय करू? "तुमच्या घासानं ती मरतेय" हे वाक्य मी त्या माणसाला म्हणणार नाही. छत्री गेली तरी म्हणणार नाही. पण ती गेली तर त्यांना वाटेल, आपण भरवायला कमी पडलो. दोन्हीकडून तेच.

तुम्ही त्यांचे चिरंजीव. तुम्हीच सांगा.

वहिनी

१७ ऑक्टोबर

प्रिय भाऊजी,

या वेळचा लिफाफा जाड होता. दोन कागद, वेगवेगळे घडी केलेले. पहिला माझा. माशांना एक दिवसाआड खाणं, दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदलायचं, फिल्टरमध्ये कोळशाची पिशवी. ते सुरू केलंय. मासे काचेशी येऊन माझ्याकडे असे बघतात की मी मान खाली घालते.

दुसऱ्या कागदावर कोणाचंच नाव नव्हतं. तो मी मोठ्यानं वाचला. मामंजी खिडकीशी बसून काजं करत होते. "साय आपोआप सुटत नसेल तर रबरी फुग्याची पिचकारी घ्यावी. टाकीतलंच पाणी भरून, वीतभर अंतरावरून, वरून नव्हे तर बाजूनं, हळूहळू झोत द्यावा. रोज संध्याकाळी दिवा असताना. जोर लागला तर कातडं फाटतं, कमी पडला तर साय हलत नाही. या काळात अंगावर काहीही ठेवू नये, नाहीतर झोत देणाऱ्याची मेहनत वाया जाते. हे काम ज्याचा हात थरथरत नाही त्यानं करावं. त्या घरात असा हात एकच आहे."

मी वाचायचं थांबले. मामंजींचा दोरा मध्येच थांबला होता.

"कोणी लिहिलंय?"

"मत्स्यालयातल्या एका माणसानं."

"बघू."

कागद हात लांब करून धरला. बराच वेळ. मग म्हणाले, "अजून 'र'चा पाय मोडलेलाच काढतो." कागदाची घडी घातली, सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि काजं पुढे सुरू केली. मला वाटलं झालं, संपलं. तर चार टाके घालून झाल्यावर विचारतात, "तो रबरी फुगा मिळतो कुठे?"

भाऊजी, तुम्ही बघायला हवं होतं. खुर्ची काचेला लावतात, बाही वर, पिचकारी पाण्यात, आणि श्वास रोखून असा झोत देतात की पहिल्याच संध्याकाळी सायीचा एक पापुद्रा सुटून पाण्यात तरंगला. "अस्तर निघालं," म्हणाले. आता रोज मला हिशेब देतात. आज कॉलरीएवढं निघालं, आज खिशाएवढं. टेप घेऊन काचेबाहेरून तिचा घेर मोजतात. खिशात पुडी नसते. मी न्याहारीच्या ताटातला बलक बघते, तो ते स्वतः खातात, तोंड वाकडं करून.

परवा झोत देता देता, माझ्याकडे न बघता म्हणाले, "हिचं वरचं डोकं त्याच्याकडे गेलं होतं. जगलं का?"

इतक्या वर्षांत त्यांनी तुमचा विषय काढला तो असा, "त्याच्याकडे" म्हणून. माझ्या डोळ्यांपुढे तो सगळा दिवस आला. तुम्हाला मत्स्यालयाची नोकरी लागली, आणि दुकानात दुसरं मशीन तर त्यांनी तुमच्यासाठीच घेऊन ठेवलेलं. आठवडाभर ते "जा"ही म्हणाले नाहीत आणि "जाऊ नको"ही म्हणाले नाहीत. निघायच्या दिवशी सकाळी तुम्ही दोघं भाऊ परातीत छत्री घेऊन बसलात आणि तिचे दोन भाग केलेत ते त्यांच्या मोठ्या कात्रीनं. ज्या कात्रीनं घरात कोणी कागदसुद्धा कापत नाही, साधा दोरा तोडायचा तरी दुसरी घ्यायची, ती कात्री मिठाच्या पाण्यात! ते वर आले आणि एवढंच म्हणाले, "ज्यानं माझ्या कात्रीला हात लावला त्यानं या जिन्यावर पुन्हा पाय ठेवायचा नाही." भांडण कात्रीचं नाही हे घरातल्या भिंतींनाही कळत होतं. पण बोलणं झालं ते कात्रीचंच, आणि मग तेवढंच उरलं. तुम्ही दोघंही शब्दाचे पक्के. एकानं मागे घेतला नाही, दुसऱ्यानं मोडला नाही.

तर विचारते, माझ्यातर्फेच समजा. तुमच्याकडचं डोकं जगलं का?

वहिनी

२७ ऑक्टोबर

भाऊजी,

घाईत लिहिते. पाणी सुधारलंय, रंग गुलाबीवर आला. मासे बारीक झाले. साय जवळजवळ गेली. पण डाग वाढलाय. कोटाच्या बटणाएवढा झालाय, मऊ पडलाय, झोत दिला की त्यातून कण सुटतात. मामंजी म्हणाले, "इथे कापड कुजलंय." आणि पिचकारी बाजूला ठेवून खुर्चीत बसून राहिले. काल जेवले नाहीत नीट. मी "थोडं तरी" म्हणणार होते, नाही म्हटलं.

तुमच्याकडचं डोकं जगलं, आणि त्याचे तुम्ही अकरा भाग करून वेगवेगळ्या टाक्यांत लावलेत, हे मी त्यांना वाचून दाखवलं. "अकरा?" एवढंच म्हणाले. नंतर दुकानात एका गिऱ्हाइकाला सांगत होते, "आमच्या घरातल्या एका वस्तूचे अकरा झाले." ते बिचारं पँट आखूड करायला आलेलं, "हो का, वा वा" म्हणून गेलं.

डागाचं काय करायचं ते लगेच लिहा. हे जाणं त्यांना झेपायचं नाही. मलाही.

वहिनी

८ नोव्हेंबर

प्रिय भाऊजी,

कापलं.

तुमचा कागद मी दोनदा वाचून दाखवला. टाकीतलंच पाणी परातीत घ्यायचं. हातमोजे घालायचे, डोळ्यांना हात लावायचा नाही, कारण ती कापली की विषारी चीक सोडते. कुजलेल्या भागाबरोबर भोवतालचं थोडं चांगलंही जाऊ द्यायचं. आणि न जाणो ती जगलीच नाही तर, म्हणून चांगल्या बाजूचा पोस्टाच्या तिकिटाएवढा एक तुकडा वेगळा काढून दगडावर बसवायचा. गोंद धरत नाही, सुईनं टाका घालावा लागतो. "नवं धारदार ब्लेड चालेल," असं तुम्ही लिहिलंत. ते वाक्य लिहिताना तुमच्या मनात काय होतं ते मला दिसलं.

मी ब्लेड आणलं. मामंजींनी ते बोटांत धरून फिरवलं. "ह्यानं चिंध्या होतील तिच्या." आणि जिना उतरून गेले. दुकानाचं शटर अर्धं वर गेल्याचा आवाज आला. मी परातीसमोर बसून राहिले. पाण्याबाहेर काढल्यावर ती केवढीशी होते हो, भाऊजी. आंबलेल्या कणकेच्या गोळ्यासारखी.

ते वर आले तेव्हा हातात फडक्यात गुंडाळलेली मोठी कात्री होती.

"मामंजी, मिठाचं पाणी आहे."

"मला सांगतेस?"

"तुम्हीच म्हणता ना, कापडाशिवाय काही..."

"मग हे काय आहे? जाड आहे इतकंच. ओलं लोकरीचं कापड." मग हातमोजे घालता घालता, "हे घालून शिवायचं म्हणजे तोंडावर फडकं बांधून जेवायचं. त्यालाच सुचायचं असलं."

त्यांनी डागाभोवती बोट फिरवलं, कुठून सुरू करायचं ते ठरवलं आणि बाहीची गोलाई कापतात तशी, कात्री मध्ये न उचलता, एका दमात कापली. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा डाग परातीच्या एका बाजूला पडला होता आणि कड इतकी स्वच्छ होती की खडूची रेघ मारून घेतली होती की काय असं वाटावं. मग चांगल्या बाजूचा तुकडा. तो दगडावर ठेवला, पारदर्शक नायलॉनचा दोरा सुईत ओवला, चष्म्याशिवाय, आणि दोन टाके. गाठ दगडाच्या खालच्या अंगाला घेतली. "गाठ दिसली की ते शिवणकाम नव्हे."

कात्री त्यांनी गोड्या पाण्यात धुतली, पुसली, पुन्हा धुतली, तेल लावलं, फडक्यात गुंडाळली. खाली नेली नाही. टाकीशेजारच्या टेबलावर ठेवली आहे.

मोठी आता टाकीत परत आहे. एका बाजूनं कोणी चावा घेतल्यासारखी. आणि पूर्ण मिटलेली. तुम्ही लिहिलं आहेत की आता वाट बघायची. ते या घरातल्या माणसांना येतं.

वहिनी

२ डिसेंबर

प्रिय भाऊजी,

मध्यंतरी फोन आला तेव्हा मी बाजारात होते. परत आले तर मामंजी फोनजवळच उभे.

"कोणाचा होता?"

"चौकशी होती."

"कसली?"

"हिची." टाकीकडे हनुवटी केली.

"मग काय सांगितलंत?"

"अजून मिटलेलीच आहे म्हटलं."

"आणि?"

"आणि काय? ठेवला."

आधी कोणी ठेवला ते सांगत नाहीत. तुम्ही तरी सांगा. इतक्या वर्षांनी बापलेक बोलले ते एवढंच, आणि तेही प्रवाळाच्या तब्येतीचं. दादा असते तर खुर्चीत मागे रेलून पोट धरून हसले असते. मी त्यांच्या वाटचं हसून घेतलं.

त्या खुर्चीशेजारी मी आता संध्याकाळी उभी राहते. मासे पुन्हा संध्याकाळी जेवतात. मामंजी चिमूट काढून माझ्या तळव्यावर ठेवतात, मी ती पाण्यात सोडते. म्हणजे कोणी दोनदा घालायला नको.

आणि आज ती उघडली.

दिवा लागला. मामंजी पिचकारी भरून तयार. मी माशांकडे बघत होते, तेवढ्यात ते म्हणाले, "इकडे बघ." कापलेल्या बाजूच्या बरोबर समोर, लांबच्या कडेला, अंगावर काटा यावा तसं काहीतरी उठलं होतं. मग त्या काट्याचे ठिपके झाले, ठिपक्यांची बोटं झाली, पाच, दहा, मग मी मोजायचं सोडलं. सगळी नाही, निम्म्या डोक्यावरच. पण ती पाण्याबरोबर डोलत होती. मामंजींनी पिचकारी हळूच टेबलावर ठेवली. "आज झोत नको तिला." आणि थोड्या वेळानं, काचेकडे बघत, "नुसत्या उजेडावर जगते म्हणालीस ना तू."

"हो."

"जगते, म्हणजे."

मग टेप घेऊन घेर मोजला. अर्धं बोट वाढ आहे असं त्यांचं म्हणणं. टेप जरा सैल धरला होता, मी बोलले नाही.

दगडावरच्या तुकड्यानंही धरलंय. दोरा सैल झालाय तरी तो हलत नाही. पायाशी बारीक कड पसरायला लागली आहे. मी विचारलं, "ह्याला आता कुठे लावायचं? मोठीच्या शेजारी?"

"तो त्याचा आहे."

"कोणाचा?"

"तुला माहितीय कोणाचा. पहिल्यांदा वरचं डोकं नेलं, आता हे न्यावं. बाराव्या टाकीत लावावं."

"पाठवू कसं? पोस्टानं?"

"असली वस्तू पोस्टानं जाते का? येऊन घेऊन जा म्हणावं."

मी लगेच कागद घेऊन बसले. ते टाकीसमोर बसलेत आणि दर दोन मिनिटांनी विचारतात, "लिहिलंस?" मी म्हणते, "लिहितेय." तुम्हाला माझ्याकडून एवढंच की जिन्याची तिसरी पायरी अजून हलते, पाय जपून टाका. दादांची खुर्ची टाकीपाशी आहे, तीत मामंजी बसतात, तेव्हा तुम्हाला स्टूल मिळेल.

आत्ताच म्हणाले, "झालं का लिहून?"

"झालंच."

"खाली आणखी एक ओळ घाल."

"काय घालू?"

छत्रीची बोटं हलताना बघत होते. मग म्हणाले, "कात्रीला काही झालेलं नाही म्हणावं. तेव्हाही झालं नव्हतं."

तुमची
वहिनी